तेरावा जिन्नस

डब्यात तेरा जिन्नस होते. मुक्ताबाईने ते माजघरात पाटावर एका ओळीत मांडले. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, खारीक आणि बदाम. हे झाले बारा. नारायण पेठेतल्या कुठल्याही लेकुरवाळीला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिने ही नावं धडाधड सांगितली असती. बाळगुटी म्हणतात ती हीच. रोज सकाळी सहाणेवर एकेकाचे एक-दोन वेढे द्यायचे, दुधात कालवायचं आणि पोराच्या जिभेवर ठेवायचं.

तेरावा तुकडा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा होता. काळपट, कोरडा आणि एका अंगाने झिजून गुळगुळीत झालेला. झिजलेला म्हणजे नुसता डब्यात पडून राहिलेला नव्हे. मुक्ताबाईने तो नाकाशी धरला. हा वास तिच्या ओळखीचा होता. थोरले दीर गोपाळकृष्णपंत सकाळ-संध्याकाळ कनवटीची डबी उघडत, तेव्हा ओसरीवर हाच वास यायचा.

मग तिला गेलं दीड वर्ष उलगडायला लागलं.

वेणू तिची पहिली लेक, दीड वर्षाची. पोर दिवसा पेंगायची आणि रात्री रडायची. साधं रडणं नव्हे. पाय पोटाशी घेऊन, अंग ताठ करून, शेजारची कवाडं वाजेपर्यंत. अन्नावर वासना नाही, चार-चार दिवस पोट साफ नाही. तिच्या बरोबरीची पोरं अंगणात धावत होती आणि ही अजून भिंत धरून उभी राहत नव्हती. उपाय सगळे झाले. दृष्ट काढून झाली, मारुतीला तेल घालून झालं, पाळण्याची दिशा फिरवून झाली. अनंतवैद्य नाडी बघून गेले. झोपेसाठी त्यांनी जायफळ वाढवायला सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का पोरीला?"

"छे हो, औषध कसलं? काही नाही," थोरल्या जाऊबाई, सगुणाबाई, म्हणाल्या होत्या. मुक्ताबाईनेही मान हलवून दुजोरा दिला होता. गुटी रोज सगुणाबाईच उगाळायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि वेणूचं हे एक काम त्या कुणाला करू देत नसत.

जायफळाचा काही गुण आला नाही. मुक्ताबाईचा नवरा दिगंबर फौजेबरोबर कर्नाटकात कारकुनीवर गेलेला. सवाई माधवरावांच्या राज्यात नारायण पेठेतल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच कुठे ना कुठे गेलेले असायचे. त्यामुळे लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायच्या त्या एकटीनेच.

मग धायरीची गोष्ट घडली. भावाची मुंज म्हणून ती वेणूला घेऊन चार दिवस माहेरी गेली. गडबडीत गुटीचा डबा पुण्यातच राहिला. दुसऱ्या दिवशी पोरीच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शिंका, जांभया, मग जुलाब. आधी रात्री रडायची ती आता दिवसाही रडायला लागली. तिसऱ्या दिवशी रडून रडून तिचा आवाजच बसला. मुंजीच्या मांडवात बायका कुजबुजल्या, "पुण्याचं पाणी लागलेलं दिसतंय, इथलं सोसत नाही." परत आल्या आल्या सगुणाबाईंनी पोर ओढून घेतली, गुटी उगाळून चाटवली. मुक्ताबाई समोर बसून बघत होती. घटकाभरात नाक थांबलं, हातपाय सैल झाले, डोळे मिटले. तिने हळूच पापणी वर करून पाहिली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

"बघ, घर कसं ओळखलं तिनं," सगुणाबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या.

घर कसलं ओळखलं? धायरीला दूध होतं, पाळणा होता, आई होती. नव्हता तो एवढा डबा. म्हणून आज सगुणाबाई आडावर गेलेल्या पाहून तिने तो फडताळातून काढला होता.

सगुणाबाई ओल्या पदराने हात पुसत आत आल्या आणि पाटावरची ती रांग पाहून थबकल्या.

"काय गं, दुकान मांडलंस?"

"वहिनी, हे काय आहे?"

"ते होय? अफू." मीठ म्हणावं तितक्या सहज त्या म्हणाल्या. "थोरल्यांच्या डबीतली आहे. चांगली माळव्याची. बाजारात मिळते तसली भेसळीची नाही."

"किती देता?"

"पहिल्यांदा अर्धा वेढा दिला, तू बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा. मग एक, मग दोन. आता तीन. पोर मोठी होतेय, माप वाढायचंच."

"आणि वैद्यांनी विचारलं तेव्हा?"

"वैद्यांनी औषध विचारलं गं. गुटी कुठं विचारली?"

त्यांच्या तोंडावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. मुक्ताबाईला रागावता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"वहिनी, आपण समजतो तशी ही झोप येत नाही म्हणून रडत नाही. सकाळची अफू रात्री उतरते. मग अंग मोडतं, पोटात कळा येतात, म्हणून रडते. सकाळी आपण परत देतो, ती गप्प होते, आणि आपण म्हणतो गुटी मानवली. धायरीला मिळाली नाही तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. पोर तलफेने रडते, वहिनी. दीड वर्षाची पोर."

सगुणाबाईंनी तो तुकडा हातात घेतला. "मी काय विष दिलं तिला?" एवढंच त्या म्हणाल्या.

"तुम्ही गुटी दिलीत," मुक्ताबाई म्हणाली. "उद्यापासून गुटीत बारा जिन्नस."

पण घरातली गोष्ट ओसरीवर गेल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळी गोपाळकृष्णपंत पेशव्यांच्या फडावरून, दफ्तराचं काम आटोपून आले, हातपाय धुऊन जाजमावर टेकले आणि त्यांनी बायकोला हाक मारली. आता त्या घराची, किंबहुना त्या काळच्या सगळ्याच घरांची, रीत अशी की धाकट्या भावजयीने थोरल्या दिराशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर दाराआड उभं राहून जावेला सांगायचं. ते दिराला तीन हातांवर स्वच्छ ऐकू जायचं. तरी जावेने ते पुन्हा सांगायचं. दीरही बोलायचे ते बायकोशीच.

"त्यांना विचार," पंत म्हणाले, "पेठेत असं एक घर दाखवा, जिथं पोराला मोहरीएवढी देत नाहीत. सगळ्या आया काय वैरिणी?"

दाराआडून आवाज आला, "वहिनी, सांगा. मोहरीएवढी नाही, तीन वेढे."

"आणि सांग, मी बारा वर्षं घेतोय. मला काय झालंय?"

"वहिनी, सांगा. त्यांना काय झालंय ते मला ठाऊक नाही. वेणूला काय झालंय ते मला दिसतंय."

हे मात्र सगुणाबाईंनी पुढे सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. पंतांच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

"मग माझंही एक सांगून ठेव," ते शांतपणे म्हणाले. रागावले की ते शांत व्हायचे, म्हणून फडातले कारकून त्यांना टरकून असत. "रात्री रडते ते रडते, दिवसा तरी पोर निजते. हिच्या शहाणपणापायी दिवसाही घर डोक्यावर घ्यायला लागली, तर पोर तुझ्या ओटीत येईल आणि दिगूची बायको धायरीला जाईल. दिगू मोहिमेवरून येईल तेव्हा येईल. तोवर इथं गुटी माझ्या घरच्या रीतीनं."

ही नुसती धमकी नव्हती. घरचे कर्ते ते होते आणि धायरीचा रस्ता बैलगाडीने एका सकाळचा.

मुक्ताबाईने त्या रात्री वेणूला खांद्यावर घेऊन विचार केला. अफू एकदम तोडली की काय होतं, हे तिने पाहिलेलं होतं. दिवसभर रडणं, म्हणजे पोर सगुणाबाईंकडे, आणि पुन्हा तीन वेढे, मग चार, मग पाच. चालू ठेवली तरी तेच. या दोन्हींच्या मधे काही असायला हवं, आणि ते तिला सापडलं ते खुद्द थोरल्यांच्याच गोष्टीत.

पंतांची एक आवडती गोष्ट होती. पंगतीला कोणी नवा पाहुणा बसला की भाताबरोबर ती यायचीच. इंग्रजांवरच्या मोहिमेत बोरघाटाखाली रसद तुटली. छावणीतले अफूबाज ओरडून लोळायला लागले. पंतांच्या डबीत मात्र मोजक्या गोळ्या होत्या. त्यांनी रोज चाकूने गोळी थोडी थोडी बारीक केली. "अंगाला कळूच दिलं नाही!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारत. गोष्ट त्यांच्या हुशारीची होती. तिचा दुसरा काही उपयोग होईल, हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण तीन वेढ्यांतला थोडासा वेढा काढायचा कसा? वेढा म्हणजे हाताचा जोर. तो आज एक, उद्या दुसरा. सगुणाबाईंचा वेढा आणि तिचा वेढा तर मुळीच सारखा नाही. सकाळी तिने देवघरातली पळी आणली, सहाण धुतली आणि जावेला म्हणाली, "उगाळायचं तुम्हीच. हात बदलला की माप बदललं. तेच तीन वेढे, तसेच. मग त्यात मोजून आठ पळ्या पाणी. आज आठही द्यायच्या, दिवसातून चार वेळा दोन-दोन. तीन दिवसांनी एक पळी मोरीत, सात पोटात. पुढं सहा."

"म्हणजे तूच देणार अफू?" सगुणाबाईंनी डोळे विस्फारले. "काल तर आकाशपाताळ एक केलंस."

"मीच देणार. आणि मीच काढणार."

"देवाची पळी अफूला?"

"देव महिनाभर हाताने पाणी घेईल. त्याला तलफ नाही."

सगुणाबाईंना हसू आवरलं नाही. मग त्यांनी सहाण पुढे ओढली.

पहिल्या दिवसापासूनच एक फरक दिसला. एका वेळी तीन वेढे पोटात जाण्याऐवजी ते दिवसभर वाटले गेले, म्हणून रात्रीचं रडणं जरा उशिरा सुरू व्हायला लागलं. सात पळ्यांना नाक वाहिलं आणि थांबलं. सहाला दोन दिवस किरकिर झाली. पाच पळ्यांवर मात्र पोर अडली. दिवसाही रडायला लागली आणि कडेवरून उतरेना. सगुणाबाईंनी तिला अंगणात फिरवलं, चिमण्या दाखवल्या, गाणी म्हटली. पण रडणं भिंतीपलीकडे जाणारच.

आणि नेमकं त्याच्या दुसऱ्या दिवशी पंतांकडे फडावरची तीन माणसं जेवायला यायची होती. त्यांतले एक पंतांच्या वरचे.

सकाळी पंत स्नान करून सरळ माजघराच्या दाराशी आले. सगुणाबाई सहाणेपाशी होत्या. मुक्ताबाई पळीने पाणी मोजत होती. तिने पदर पुढे ओढला.

"आज तीन वेढे सरळ जिभेवर," पंत बायकोला म्हणाले. "पाणीबिणी काही नाही. माणसं जाईपर्यंत पोर निजली पाहिजे. उद्या पाहिजे तर पुन्हा पळीचा खेळ मांडा."

सगुणाबाईंनी मुक्ताबाईकडे पाहिलं. मुक्ताबाईने सहाण आपल्याकडे ओढून घेतली.

"वहिनी, सांगा. काल पाच होत्या, आज पाच, उद्याही पाच. आज तीन वेढे दिले तर बारा दिवस फुकट."

"मग त्यांना सांग, गाडी जोडायला सांगतो. धायरीला जेवायला वेळेवर पोचतील. पोर इथं राहील."

सगुणाबाई काही बोलायला गेल्या, पण त्याआधीच मुक्ताबाई उठून उभी राहिली. तिने पदर सारला नाही, पण मान वर केली आणि त्या घरात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदाच ती थेट पंतांशी बोलली.

"भावोजी, आज सकाळची गोळी आपण घेतलीत?"

पंत इतके चकित झाले की त्यांनी उत्तर दिलं. "अजून नाही. का?"

"मग आज घेऊ नका. दिवस बुडेपर्यंत. निभावलं तर मी माझ्या हाताने वेणूला तीन वेढे देईन आणि स्वतः गाडीत बसेन. कोणाला गाडी जोडायला सांगावं लागणार नाही."

"मी काय तान्हं पोर आहे, पैज मारायला?"

"तेच म्हणते. आपण पोर नाही. आपल्याला बारा वर्षांत काही झालेलं नाही. आपल्याला जड जायचं कारणच नाही."

पंतांच्या कपाळावरची शीर उडाली. एक तर हा उद्धटपणा, आणि त्यातून नाही म्हणावं तर काय कबूल केल्यासारखं होईल, ते त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी कनवटीची डबी काढली आणि बायकोच्या पुढ्यात टाकली. "ठेव तुझ्यापाशी. दिवस बुडेपर्यंत मी मागितली तरी देऊ नकोस. आणि गाडीवानाला सांगून ठेव, संध्याकाळी निघायचंय."

वेणूला पाच पळ्यांतली पहिली पळी मिळाली. ती थोडा वेळ रडली आणि सगुणाबाईंच्या खांद्यावर हुंदके देत राहिली.

दुपारी पाटपाणी झालं. वरण-भात वाढेपर्यंत पंत ठीक होते. मग त्यांना जांभई आली. पहिली त्यांनी उपरण्याआड लपवली. पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी, जबडा निखळेल अशी.

"पंत, रात्री जागरण झालेलं दिसतं," वरचे गृहस्थ म्हणाले.

"घरात लहान मूल आहे," पंत म्हणाले, आणि शिंकले. लागोपाठ सहा वेळा. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कढीला त्यांचं नाक वाहत होतं. बोरघाटाची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही. पाहुण्यांपैकी एकाने आठवण करून दिली तर पंत "हो, हो, होतं खरं तसं," एवढंच पुटपुटले. आतून मधूनच वेणूचं रडू ऐकू येत होतं, पण पंगतीत कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे यजमानाकडे बघत होते. विडे घेऊन माणसं लवकरच उठली. "प्रकृतीला जपा," असं सांगून गेली.

तिसऱ्या प्रहराला पंत जाजमावर पाय पोटाशी घेऊन पडले होते. अंगाला घाम, पायांना ओढ. त्यांनी हाक मारली.

"अगं, डबी दे."

"अजून ऊन ओसरीवर आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

"दे म्हणतो ना!"

"तुम्हीच म्हणालात, मागितली तरी देऊ नकोस."

"सगुणे, पोटात पीळ पडलाय गं. दे."

सगुणाबाई नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे दुमडलेले पाय, गळणारं नाक. अशीच पोर त्यांनी दीड वर्ष, रात्रीमागून रात्र, दुरून ऐकली होती. त्यांनी डबी पंतांच्या हातात दिली आणि त्या आत आल्या. मुक्ताबाई चुलीपाशी पाठमोरी होती. तिने काही ऐकलं नाही असंच दाखवलं.

"उद्या किती?" सगुणाबाईंनी विचारलं.

"उद्याही पाच. जरा थांबू. मग चार."

"गाडीवानाला घरी परत जायला सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत फडावर निघाले. पागोटं नीट करत ते दाराशी थांबले आणि भिंतीकडे बघून बायकोला म्हणाले, "त्यांना सांग, पळ्या मोजताना चुकू नका. आमच्या फडात मोजणीत चुकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात."

"वहिनी, सांगा," दाराआडून आवाज आला, "इथं घरी बसूनच मोजणी चालते."

पंत पायऱ्या उतरले. त्यांच्या स्वतःच्या दोन गोळ्या तशाच चालू राहिल्या, सकाळची आणि संध्याकाळची. त्याविषयी त्या घरात कोणी त्यांना काही म्हटलं नाही आणि त्यांनीही गुटीविषयी पुन्हा तोंड उघडलं नाही.

चार पळ्या सरळ गेल्या. तीनला वेणूने पहिल्यांदा मऊ भात मागून खाल्ला. दोनला पुन्हा जुलाब लागले, तेव्हा मुक्ताबाईने अनंतवैद्यांना बोलावलं आणि दाराआडून सगळं सांगितलं: तेरावा जिन्नस, तीन वेढे, आठ पळ्या. वैद्य ऐकत राहिले. "मी विचारलं होतं," ते शेवटी म्हणाले. "आपण औषध विचारलंत," सगुणाबाई म्हणाल्या. "आता घरोघर गुटी विचारत चला." वैद्यांनी डाळिंबाची साल सांगितली आणि दक्षिणा न घेता उठले.

शेवटच्या एका पळीवर मुक्ताबाई सहा दिवस थांबली. तिला घाई नव्हती. मग एका सकाळी सगुणाबाईंनी गुटीचा डबा उघडला, बारा जिन्नस उगाळले, काळा तुकडा चुलीत टाकला आणि पळी घासून देवघरात ठेवली.

पहिल्या तीन रात्री वेणू वरचेवर उठली. चौथ्या रात्री चार वेळा, सहाव्या रात्री दोन वेळा.

सातव्या रात्री ती दिवेलागणीनंतर झोपली. रात्री रस्ते बंद झाल्याची तोफ झाली तेव्हा दचकली, पण डोळे उघडले नाहीत. तोफेपासून पहाटेच्या चौघड्यापर्यंत ती एकदा जागी झाली, दोन घोट पाणी प्याली आणि परत झोपली.